लेबल झाकून : गिरगावातल्या एका संग्रहाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

काम ठरलं. गिरगावच्या काकूंकडे काकांचा नाण्यांचा संग्रह आहे. आता त्याची वाटणी करायची आहे, काकू आणि काकांचा पुतण्या यांच्यात. पुतण्याचा तोडगा सोपा होता. ज्या नाण्यांना परदेशी कंपनीची सीलबंद प्लॅस्टिकची डबी, म्हणजे स्लॅब, आणि तिच्या लेबलावर नाण्याच्या अवस्थेचा आकडा, म्हणजे ग्रेड, ती भारी. ती अर्धी-अर्धी वाटायची. टांकसाळीच्या खोक्यातले संचही तसेच. उरलेली सुटी नाणी तोळ्यावर सराफाला. काकू म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही रे, पण हे रात्री जी नाणी काढून बघत बसायचे ना, ती डबीतली नव्हती." एवढ्यावर आमच्या नाणीवाल्यांच्या रविवारच्या कट्ट्याला बोलावणं आलं.

पुतण्या लबाड नाही. चार ठिकाणी चौकशी करून आलाय, आणि बाजारात त्याला जे सांगितलं तेच तो बोलतोय. तोळ्याचा हिशेबही त्याने बरोबर काढला होता. ब्रिटिश रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा, ११.६६ ग्रॅम, रुपये मोजले की तोळे आलेच. पण बिस्किटांचा पत्र्याचा डबा सतरंजीवर उपडा केला तेव्हा पहिल्याच मुठीत तीन प्रकारचा माल निघाला. १९३९ पर्यंतचे ९१.७ टक्के चांदीचे रुपये, १९४० पासूनचे सहाव्या जॉर्जचे निम्म्या चांदीचे, आणि १९४७चे वाघाचे. या वाघात चांदीचा कणही नाही. तो निकेलचा, चुंबकाला चिकटतो. म्हणजे भंगाराचा भाव काढायचा तरी नाणं हातात घेऊन बघावं लागतंच. पुतण्या मग बराच वेळ चुंबक घेऊन बसला होता.

ठरलं ते असं: प्रत्येक नाण्याची अवस्था लिहायची, ते कशात ठेवलंय हे न बघता. आम्ही चौघं. सराफकाका, ज्यांची उमेदीची वर्षं झवेरी बाजारात पेढीवर गेली. बँकवाले दादा, ज्यांना ब्रिटिश रुपयांचा नाद. कॉलेजवाली, जी कालिन्याला विद्यापीठात नाणकशास्त्र शिकते. आणि नोंदी ठेवायला मी.

७ जून, शनिवार

पद्धत बसवली. लेबल झाकायला चिकटपट्टी पुरत नाही. स्लॅबचा आकार दिसला की मनात आकडा आपोआप चढतो. त्यामुळे काळ्या पुठ्ठ्याचा मुखवटा केला, मध्ये नाण्यापुरतं गोल भोक. सुटं नाणं असो की डबीतलं, मुखवट्याखाली फक्त नाणं दिसतं. मांडणी मी करणार, मत देणार नाही. तिघं आपापल्या चिठ्ठीवर ग्रेड आणि एका ओळीत कारण लिहिणार. कारण लिहिलं नाही तर चिठ्ठी बाद. चिठ्ठ्या पाकिटात, सगळं संपल्यावर उघडायच्या.

उजेडावरून बरीच खटपट झाली. काकूंच्या घरात ट्यूबलाइट. ट्यूबच्या पसरट उजेडात चकाकी मरते आणि घासल्याचे ओरखडे लपतात. एलईडी फार तिखट. हवा होता साधा पिवळा बल्ब, साठ वॅटचा, एका बाजूने पडणारा. तो शेवटी लोहार चाळीत एका दुकानाच्या माळ्यावरून निघाला. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, सराफकाकांचाच, दहा पटीचा. खाली जाड टर्किश टॉवेल, कारण नाणं हातातून सुटतंच. धरायचं फक्त किनारीला. तबकावर, म्हणजे नाण्याच्या सपाट भागावर, अंगठा उमटला की तो कायमचा.

सराफकाकांना एक गोष्ट अजून पटलेली नाही. त्यांच्या पेढीवर नाणं आधी फरशीवर वाजवून घेत. इथे कोणी तसं करायला निघालं की बँकवाले दादा अर्धे उभे राहतात.

८ जून, रविवार

पुतण्याने विचारलं, "हे सत्तरातले मार्क कुठून आले? शंभरातले का नाहीत?" रास्त प्रश्न.

विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली ही मोजपट्टी काढली, तीसुद्धा फक्त त्यांच्याकडच्या १७९३ ते १८१४ या काळातल्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी. त्याचा हिशेब भावाचा होता. अगदी झिजून गेलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला जो भाव, त्याच्या सत्तरपट भाव निर्दोष नाण्याला. म्हणजे आकडा निघाला बाजारभावातून. ते भाव केव्हाच बदलले, आकडे मात्र राहिले आणि सगळ्या जगाच्या नाण्यांना लागू झाले. पुढे पीसीजीएस ही अमेरिकन कंपनी १९८६ साली आणि एनजीसी ही दुसरी १९८७ साली निघाली आणि नाणं तपासून, आकडा देऊन, डबीत सीलबंद करायचा धंदा उभा राहिला.

तो धंदा वाईट नाही. माणसाने न बघता दुसऱ्या देशातून नाणं विकत घ्यायचं तर कोणा तिऱ्हाइताचा शब्द लागतोच, आणि नकली माल गाळायला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तो शब्द म्हणजे दोन-तीन माणसांनी एका दिवशी थोडक्या वेळात दिलेलं मत. एकाच नाण्याला पुन्हा पाठवल्यावर एखादा आकडा वर-खाली मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. काही जण त्यासाठीच डबी फोडून नाणं परत पाठवतात. २००७ साली जॉन अल्बानीज यांनी तर अशी कंपनी काढली की ती आधीच स्लॅबमध्ये असलेली नाणी तपासते आणि त्या आकड्याला साजेशी असतील तर वर हिरवा स्टिकर लावते. तपासणाऱ्यांची तपासणी. सराफकाका ऐकून इतके हसले की चहा सांडला.

१५ जून, रविवार

राणीछाप रुपये. आज फक्त तेच, आणि तेही सगळे झाले नाहीत.

व्हिक्टोरियाचा रुपया शिकायला उत्तम, कारण तो कुठे झिजतो ते ठरलेलं आहे. आधी गाल, मग कानावरची केसांची वेणी, मग झग्याच्या गळ्यापाशी असलेलं बारीक भरतकाम. तीन ठिकाणी नजर फिरवली की निम्मं काम होतं. राहतं निम्मं, म्हणजे चकाकी. ती मात्र डोळ्यांना सवयीनेच कळते. ठशाचा दाब बसतो तेव्हा चांदी मधून कडेकडे वाहते आणि तबकावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. बल्बखाली नाणं हळूहळू तिरकं करत फिरवलं की उजेडाचा पट्टा त्यांवरून भिंगरीसारखा फिरतो. नाणं चलनात फिरलं की आधी उंच भागांवरच्या या रेषा जातात, आणि तिथे पट्टा तुटतो.

मुखवट्याखाली दोन रुपये शेजारी ठेवले, दोन्ही १८६२चे. पहिला पांढराशुभ्र. गाल शाबूत, वेणीचा केस न केस वेगळा. पट्टा फिरतो, पण अशक्त; जणू कोणी आवाज कमी केलाय. दुसरा करडा. कडेने मधासारखा पिवळा, त्याच्या आत जांभळा, मग निळसर. वेणीवर अगदी पुसट घासट, गालाच्या मध्यावर रंग किंचित बदललेला. पण फिरवला की पट्टा त्या रंगांच्या खालून पूर्ण फेरी मारतो, फक्त गालापाशी क्षणभर अडखळतो.

झिजेच्या हिशेबात पहिला वरचा. दुसरा चलनात फिरलाय, थोडा का होईना. पण पहिल्याचा पांढरेपणा ठीक नाही. दीडशेहून जास्त वर्षं मुंबईच्या हवेत राहिलेली चांदी अशी राहत नाही. ती बुडवलेली आहे, थायोयुरिया आणि आम्लाच्या पाण्यात. काळपटपणा म्हणजे चांदीचं सल्फाइड. ते काढायचं तर त्याबरोबर वरचा पातळ थर जातो आणि त्या वाहिलेल्या रेषाही जातात. एकदा झटकन बुडवून काढलं तर समजतही नाही. पुन्हा पुन्हा बुडवलं की नाणं मेलं.

बँकवाले दादांची चिठ्ठी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कट्ट्यावर जुना वाद आहे: एयू ५८, म्हणजे नखभर झीज असलेलं पण जिवंत नाणं, हे एमएस ६०–६२च्या, म्हणजे चलनात न फिरलेल्या पण निस्तेज, नाण्यापेक्षा सुंदर असू शकतं, मग त्याला आकडा कमी का? कारण पट्टीवर झीज आधी मोजतात, बाकी सगळं नंतर. डोळा मात्र तसं मोजत नाही.

दुसऱ्या रुपयाचे रंग कुठून आले तेही दिसलं. तो लग्नपत्रिकेच्या पाकिटात होता, त्या कागदातल्या गंधकाने कडेकडून रंग चढत गेलेत. आवरणाने नाण्याचं भलं केल्याचं या संग्रहातलं हे एकच उदाहरण, तेही फुकटच्या पाकिटाने.

जाता जाता: १८६२ लिहिलेले सगळे रुपये १८६२चे नाहीत. तेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला टिंबं घालून फरक ठेवला. ती टिंबं मोजायची तर मागचं तबक स्वच्छ हवं. कॉलेजवालीने त्यासाठी वेगळा रकाना मागितला, दिला.

१८ जून, बुधवार

छोटी नोंद, पण विसरायला नको. स्लॅबवरचा ओरखडा आणि नाण्यावरचा ओरखडा यांत गल्लत होते. उपाय: नाणं जरा तिरकं करा. ओरखडा नाण्यापासून सरकला तर तो प्लॅस्टिकवरचा. नाण्याबरोबर जागीच राहिला तर नाण्यावरचा. आणि स्लॅबमधल्या नाण्याची किनार नीट दिसत नाही, त्याचं वजन करता येत नाही. यादीत तसं लिहायचं: "किनार पाहिलेली नाही." डबी हे सगळं झाकते आणि तरी विश्वास वाढवते, हे मला मजेशीर वाटतं.

२२ जून, रविवार

पत्र्याचा डबा. दिवस सराफकाकांचा.

त्यांनी पहिल्या ढिगातली नाणी आयग्लास न लावताच बाजूला काढायला सुरुवात केली. "हा डागाचा. हापण डागाचा." बारा वाजण्याच्या जागी किनारीला बोट फिरवायचं, तिथे कंगोरे गुळगुळीत लागले की कधीकाळी कडी होती. रुपयांच्या माळा करायचे, कडी डाग देऊन, म्हणजे झाळून, बसवायचे, पुढे मोडताना कडी काढून कानशीने साफ करायचे. डाग दिलेल्या जागी चांदीचा रंग जरा पिवळट आणि कण वेगळा. एका पंचम जॉर्जच्या रुपयावर हे काम इतकं सफाईदार होतं की दादा मान्यच करेनात. सराफकाकांनी त्यावर नुसती वाफ सोडली. तोंडाची वाफ बसून उडताना डागाची जागा आधी उघडी पडली, अर्धगोल, नखाएवढी. हेच नाणं डबीत असतं तर किनार प्लॅस्टिकच्या कड्यात बसली असती.

मग घासलेली. ही संख्येने सगळ्यात जास्त. बल्बखाली धरलं की सगळ्या तबकावर एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा. झिजेच्या खुणा अशा कधी नसतात, त्या वेड्यावाकड्या आणि उंच भागावर असतात. राणीच्या केसांच्या खाचांत लाल कण अडकलेले. कॉलेजवाली म्हणाली गंज, दादा म्हणाले लाख. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, कुंकू आहे ते. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचे ना. आदल्या दिवशी मीच घासायची, रांगोळीने. हे ओरडायचे, म्हणून यांनी त्यांची वेगळी ठेवली." रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. चांदीची भांडी तिने लख्ख निघतात, नाण्याचं तबक मात्र जातं.

पण काकूंच्या त्या वाक्याने डब्याचा उलगडा झाला. काकांनी वेगळी ठेवली ती फिल्म रोलच्या काळ्या डब्यांत होती, प्रत्येक नाणं टिश्यू कागदात गुंडाळून. त्यांतलं एकही घासलेलं नाही, एकालाही डाग नाही. सगळीच उंची नाहीत. काही तर झिजून सपाट आहेत. पण प्रामाणिकपणे झिजलेली, एकसारखी करडी, कोणी छेडलेली नाहीत. व्हीएफ, म्हणजे मध्यम झिजलेलं, म्हणावं असं नाणं बघून सराफकाका म्हणाले, "हा बंदा रुपया." यादीत मी व्हीएफच लिहिलं.

२९ जून, रविवार

पुतण्याने नवी कल्पना काढली: सुटी नाणी अमेरिकेला पाठवून डबीत घालून आणू, म्हणजे वादच मिटला. दादांनी समजावलं. १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवू देत नाही, आणि नाणी त्यात येतात. म्हणजे सगळे राणीछाप, सातव्या एडवर्डचे, आणि पंचम जॉर्जचेही रुपये आपले आपणच तपासायचे. पुतण्या जरा हिरमुसला. मग म्हणाला, "मग मलाच शिकवा ना बघायला." दादांनी त्याला घासलेल्यांची थाळी दिली आणि बल्बखाली बसवला.

कॉलेजवाली आठवड्यात फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात जाऊन आली. तिथे काचेआड मांडलेल्या एकाही नाण्याखाली ग्रेड लिहिलेली नाही, हे तिने मुद्दाम सांगितलं. नाणं कोणाचं, कधीचं, कशाचं, एवढंच.

६ जुलै, रविवार

आषाढी. काकूंनी साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस केला होता, त्यामुळे हात धुऊन पुसेपर्यंत अकरा वाजले.

आज पंचम आणि सहावा जॉर्ज. आधी १९११चा. या रुपयाची कथा सगळ्यांना माहीत असते: राजाच्या झग्यावरच्या साखळीत जो हत्ती आहे तो आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली, आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. म्हणून १९११ला भाव, आणि म्हणून बनवाबनवी. पण तपासणी सोपी आहे. सालाकडे बघायचंच नाही, हत्तीकडे बघायचं. साल १९११ आणि हत्तीची सोंड लांब असेल तर साल कोरलेलं. काकांच्याकडचा सुटा आहे, सोंड आखूड आहे, साल नितळ आहे. कपाळावर आणि मिशीवर झीज. तिघांच्या चिठ्ठ्या न वाचताही चेहऱ्यांवरून एकमत दिसत होतं.

मग १९३९. सहाव्या जॉर्जचा या सालचा रुपया फार दुर्मीळ, आणि काकांच्याकडचा स्लॅबमध्ये. संग्रहातली सगळ्यात भारी वस्तू हीच असं पुतण्या पहिल्या दिवसापासून सांगत होता. मुखवट्याखाली ठेवला. कॉलेजवालीने आयग्लास लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग सराफकाकांकडे दिला. त्यांनी बघून दादांकडे. कोणी बोललं नाही, कारण बोलायचं नाही हा नियम. तिघांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि मग दादांनी स्वतःच नियम मोडला. "शेवटचा आकडा बघ."

१९३८चा रुपया मुबलक. आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडली की नऊ उरतो. भिंगातून ती जागा स्पष्ट दिसते. आजूबाजूच्या तबकावर वाहिल्याच्या रेषा मधून कडेकडे जातात, त्या एका ठिपक्यापुरत्या तुटतात आणि तिथे आडव्या, चमकदार, अगदी बारीक रेघा आहेत. बाकीच्या नाण्यावर जो हलका करडा थर आहे तो तेवढ्या जागेत नाही. नऊचं शेपूटही जाड, आठाच्या गोलाच्या वळणाचं.

मग लेबल उघडलं. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासला तर तो खरा निघाला. १९३९चाच रुपया, तीच ग्रेड. पण तिथल्या फोटोत राजाच्या मानेखाली एक ठसठशीत खाच आहे, आपल्या नाण्यावर ती नाही. खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून नकली डबी बनवली. लेबलाचा कागद, अक्षरं, होलोग्राम सगळं बघण्यासारखं. खोट काढायला आम्हाला जमली नसती. काकूंच्या परवानगीने डबी टॉवेलात गुंडाळून पक्कडीने फोडली आणि नाणं काट्यावर ठेवलं. वजन बरोब्बर. सराफकाकांनी त्यांची हौस भागवून घेतली, टॉवेलावरून हळूच फरशीवर, खणखणीत वाजला. वाजणारच. १९३८चा अस्सल चांदीचा रुपया आहे तो.

पुतण्या गप्प झाला. काकू म्हणाल्या, "खिचडी आणखी घ्या." काकांनी त्यात किती घातले होते हे कोणी विचारलं नाही.

१३ जुलै, रविवार

टांकसाळीचे संच. फोर्टातली टांकसाळ १८२९ची. रिझर्व्ह बँकेच्या समोर. स्वातंत्र्यानंतर तिथून संग्राहकांसाठी प्रूफ आणि यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेले, संच निघत आले. काकांनी साठच्या दशकाच्या अखेरीचे आणि सत्तरच्या दशकातले काही जपले होते. प्रूफ म्हणजे घासून तयार केलेल्या तबकडीवर आरशासारख्या ठशांनी सावकाश पाडलेलं नाणं. तबक आरसा, चित्र दुधाळ.

खोकी नवीकोरी. आतली नाणी तशी नाहीत. १९६९चा गांधीजींचा दहा रुपये, ८० टक्के चांदी, १५ ग्रॅम: आरशावर धुकं आलंय, कडेला हिरवट चिकट थेंब. दोष मऊ प्लॅस्टिकच्या आवरणाचा. पीव्हीसी मऊ ठेवायला जी रसायनं घालतात ती वर्षानुवर्षं झिरपतात, आणि पीव्हीसीतलं क्लोरिन नाण्यातल्या तांब्याला धरतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम जोरात चालतं.

यावर तासभर वाद. मूळ टांकसाळीचं पाकीट फोडलं की संचाचा भाव उतरतो, हे खरं आहे. नाही फोडलं तर नाणं आत सडत राहील, हेही खरं. दादा म्हणाले गिऱ्हाईक पाकिटाला पैसे देतं. कॉलेजवाली म्हणाली, "मग गिऱ्हाइकाला पाकीट द्या." निर्णय काकूंवर सोडला. त्यांनी विचारलं, "नाणं वाचेल का?" बहुतेक वाचेल, म्हटलं. "मग फोडा."

शुद्ध ॲसिटोन, औषधी रसायनांच्या दुकानातून. नखं पुसायचं मिळतं ते नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेची वाटी, खिडकी उघडी, देवापुढचा दिवा विझवून. नाणं बुडवून ठेवायचं, काढायचं, दुसऱ्या वाटीत बुडवायचं, हवेवर वाळू द्यायचं. पुसायचं नाही, बोटही लावायचं नाही. चिकटपणा गेला, धुकं बरंचसं गेलं. हिरव्या थेंबाखाली मात्र एक खड्डा आहे, तो कायमचा. यादीत खड्डाही लिहिला आणि पाकीट फोडल्याचंही. आता कडक ॲक्रिलिकच्या कॅप्सूल, सोबत सिलिका जेल.

२० जुलै, रविवार

शिवराया. इथे आमच्या पद्धतीची गाडी अडली, आणि ते बरंच झालं.

ताटलीभर तांब्याची नाणी. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". मुखवटा ठेवला, चिठ्ठ्या वाटल्या, आणि कॉलेजवालीने चिठ्ठी कोरी परत केली. तिचं म्हणणं, ज्या नाण्याची तबकडीच ठशापेक्षा लहान आहे त्याला अमेरिकेच्या यंत्राने पाडलेल्या सेंटची पट्टी लावायची कशी? हाताने ठोकलेलं नाणं. पाडतानाच "श्री" कडेबाहेर गेला असेल तर ती झीज नाही. ठसा एका बाजूला जोरात आणि दुसरीकडे हलका बसला असेल तर तेही वापरामुळे नाही. दोन शिवराया सारख्याच झिजलेल्या. एकीवर सगळी अक्षरं टिंबांच्या वर्तुळासकट, दुसरीवर "राजा" अर्धा. दोघींना एकच आकडा दिला तर तो खोटा नाही, निरुपयोगी आहे.

मग या थाळीसाठी आकडा सोडून दिला. लिहायचं ते असं: किती अक्षरं पूर्ण, ठसा मध्यावर आहे की सरकलेला, तबकडीला चीर आहे का, आणि तांब्याचा वरचा थर मूळचा आहे की घासून काढलेला. एका शिवराईला चिंच लावून गुलाबी केलेलं आहे. अक्षरं सगळी उत्तम, पण त्या गुलाबी रंगाकडे सराफकाकांना बघवेना. तिच्या शेजारची जवळजवळ काळी, गुळगुळीत, "शिव"चा शि तेवढा उठून. त्यांनी तीच उचलली.

दोन शिवरायांवर कळंक. त्यातला एक साधा, घट्ट बसलेला, गडद हिरवा. तो असू दे. दुसऱ्यावर फिकट हिरवी भुकटी, टोकरली की झडते आणि खाली खड्डा दिसतो. हा क्लोराइडचा रोग, दमट हवेत पसरतो. ती वेगळ्या डबीत, कोरड्या जागी, इतरांपासून लांब.

२ ऑगस्ट, शनिवार

चिठ्ठ्या आणि लेबलं एकत्र उघडली. पुतण्याही बसला होता, आता त्याचा स्वतःचा आयग्लास आहे.

स्लॅबमधल्या बहुतेक नाण्यांवर आमचा आणि लेबलाचा फार फरक पडला नाही. एखादा आकडा इकडे-तिकडे. कंपन्यांना काही कळत नाही असं म्हणायची इथे सोय नाही. फरक पडला तो एकाच आकड्याच्या आत. तो बुडवलेला पांढरा रुपया स्लॅबमधून निघाला, एमएस ६२. आणि त्याच आकड्याचा आणखी एक रुपया, दुसऱ्या स्लॅबमधला, रंग चढलेला, पट्टा पूर्ण फिरणारा. लेबल वाचून वाटणी केली असती तर एकाला एक आणि दुसऱ्याला एक, हिशेब चोख.

पुतण्याने शेवटी त्याचा खरा प्रश्न विचारला. "पण काका, विकायला गेलो तर लेबलच विकतं ना?" दादांनी सरळ हो म्हटलं. तेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणून यादीत दोन वेगळे रकाने केले. एक नाण्याची अवस्था, दुसरा आवरण. भाव दोन्हींचा मिळून येतो, पण कोणत्या रकान्याचे पैसे मोजतोय हे घेणाऱ्याला दिसलं पाहिजे.

१० ऑगस्ट, रविवार

वाटणी झाली. यादीवरून आळीपाळीने उचलायचं, पहिला मान काकूंचा. त्यांनी काळ्या डब्यांतली नाणी मागितली, चांगली-वाईट सगळी एकत्र. पुतण्याने त्याबदल्यात स्लॅबमधला रंगीत रुपया आणि १९११चा सुटा घेतला. घासलेली मात्र तोळ्यावर गेली नाहीत. दिवाळी येतेय, काकूंना ताटात हवीत.

राहिलेलं काम. १९३८चा रुपया मूळ फुटक्या डबीसकट पिशवीत घातलाय, वर मोठ्या अक्षरात "आठाचा नऊ केलेला". तो विकायचा नाही, पुतण्याने कट्ट्याला दिलाय, नवीन येणाऱ्यांना दाखवायला. पाकिटातून निघालेल्या १८६२च्या रुपयावर आमचं एकमत झालं नाही. दादांची चिठ्ठी एयू ५८, कॉलेजवालीची ५५, सराफकाकांनी आकडाच न लिहिता "हात लावलेला नाही" एवढंच लिहिलंय. तिन्ही चिठ्ठ्या नाण्याबरोबर ठेवल्या. सिलिका जेल सप्टेंबरात बदलायचं.